लॅपटॉप घेवचो काय?

नेमणुकीच्या पत्रात सोळा कलमं होती आणि त्यातल्या पंधरा कलमांना शर्मिलेने डोळे मिटून मान डोलावली होती. खोली दुसऱ्या बाईबरोबर वाटून घ्यायची, चालेल. घरी यायचं वर्षातून एकदा, चालेल. शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी शाळा, तेही चालेल. अडलं ते नवव्या कलमाशी. मालदीवमधल्या त्या बेटावरच्या शाळेने स्वच्छ लिहिलं होतं की शिक्षकाने स्वतःचा चालू संगणक सोबत आणावा किंवा रुजू होण्याआधी विकत घ्यावा. शाळा पुरवणार नाही. हजेरी, धडे, गुण, पालकांशी बोलणं, सगळं त्याच्यावरच. पहिल्या दिवशी तो नसेल तर रुजू करून घेतलं जाणार नाही.

न्यायचा किंवा घ्यायचा. वाचायला एवढंसं वाक्य. पण विमान चार दिवसांवर येऊन ठेपलं होतं, आणि शर्मिलेपाशी न्यायला काही नव्हतं नि घ्यायची ऐपत नव्हती.

म्हणजे न्यायला अगदीच नव्हता असं नाही. घरात एक होता. पण त्याच्याबद्दल बोलायची सोय नव्हती.

कुणकेश्वराच्या अलीकडे, खाडी ओलांडली की जो गाव लागतो, तिथल्या हायस्कुलात शर्मिलेने चौदा वर्षं गणित आणि विज्ञान शिकवलं. विनाअनुदानित तुकडी. आज अनुदान येईल, उद्या येईल, अशा आशेवर पोरांच्या दोन पिढ्या दहावी होऊन गेल्या, आणि जूनमध्ये पट कमी भरला म्हणून तुकडीच बंद झाली. तिचा नवरा अजय बोटीच्या इंजिनखोलीत मोटरमन होता. दोन वर्षांपूर्वी भर समुद्रात एका सकाळी तो कामावर हजर झाला नाही आणि बोटीवर कुठे सापडलाही नाही. कंपनीच्या पत्रात शब्द आला, बेपत्ता. वकील म्हणाला, कायद्याने मेला म्हणायला सात वर्षं थांबावं लागतं. तोवर दाखला नाही, आणि दाखल्यावाचून भरपाई नाही. घरात सासू रुक्मिणी, अकरा वर्षांची तन्वी, एक म्हैस आणि डोंगरउतारावरची काजू. कॉलेजातली मैत्रीण सारिका मालदीवला चार वर्षं शिकवत होती, तिने ही नोकरी सुचवली. तिकीट, कागदपत्रं, तपासण्या यांत शर्मिलेच्या अंगावरचं सोनं गेलं. गळ्यात काळे मणी राहिले, ते मणी होते म्हणून.

तो घरातला लॅपटॉप अजयचा. देवघराशेजारच्या फळीवर, काळ्या पिशवीत. शेवटच्या खेपेला निघताना त्याने तो हातात घेतला, तोलला आणि परत ठेवला. "मेलो जड आसा. सिंगापुराक नवो घेतंय. आये, ह्यो हंय ठेव. इलंय की बघतंय."

रुक्मिणीने ठेवला. असा ठेवला की दोन वर्षांत कोणाचा हात लागला नाही. समया पुसायच्या फडक्याने ती रोज पिशवीवरची धूळ पुसायची आणि गुरुवारी देवाला ओवाळलेली उदबत्ती तिच्याभोवतीही एकदा फिरवायची. शर्मिला हे बघायची आणि न बघितल्यासारखं करून चुलीकडे वळायची.

बाकी सगळी दारं तिने ठोठावून पाहिली होती. शाळेच्या खोलीत आठ संगणक धूळ खात होते, पण ते सरकारी, खोलीला सील. हेडमास्तर म्हणाले, "बाई, माझ्या हातात असतं तर पाठीवर घालून आणून दिला असता." हप्त्याने द्यायला दुकानदार तयार, पण त्याला पगाराची पावती हवी, आणि पगार सुरू व्हायला तो लॅपटॉप हवा. भावाला फोन केला. त्याने दोन मिनिटं आंब्याच्या मोहराबद्दल बोलून फोन ठेवला. शेवटी सारिकेला विचारलं, तिथे येऊन घेतला तर?

सारिकेचा आवाज मोबाइलमधून आला, मागे वाऱ्याचा घोंघाट. "अगो, थंय घेतंय, थंय घेतंय म्हणतंस, पण हंय एक दुकान. त्यात बिस्किटां, छत्र्यो नि मासे गरवची दोरी. राजधानीत मिळता, पण ती बोट तुझ्या रुजू व्हायच्या दिवसानंतर. आणि किंमत ऐकशीत तर उभ्या उभ्या परत जाशीत. काय ता थंयसून घेवन ये. रिकाम्या हातान येव नको, शर्मिला. मी तोंडान सांगतंय, पण प्रिन्सिपल तोंडाचा ऐकणा नाय."

तेव्हा शर्मिलेने मनाचा धडा केला. दुपारी रुक्मिणी काजूच्या वाळत घातलेल्या बिया हाताने पसरत खळ्यात बसली होती. शर्मिला शेजारी उकिडवी बसली.

"आई, एक मागू?"

"माग. इतक्या आडून कित्याक? सरळ बोल."

"ह्यांचो लॅपटॉप. मी नेतंय. वर्षान परत आणतंय, तसोच्या तसो."

रुक्मिणीचा हात बियांवर थांबला. तिने वर बघितलं नाही.

"त्यान ठेव म्हणान सांगितल्यान," ती म्हणाली. "दुसऱ्याक दी म्हणान सांगूक नाय."

"मी दुसरी?"

"तू दुसरी नाय गो. पण तो इलो आणि विचारल्यान, आये, माझो लॅपटॉप खंय, तर मी काय सांगू? तू थंय, लॅपटॉप थंय. आपल्यासाठी कोणी काय ठेवक नाय, असा त्याका वाटात."

या बाईला काय म्हणावं हे शर्मिलेला कळेना. चिडावं तर बोलण्यात वाकडं काही नव्हतं. रुक्मिणी आयुष्यभर कीर्तनं ऐकत आलेली. पंचक्रोशीत कुठेही बुवा उभे राहिले की ही पुढच्या सतरंजीवर. आणि पेटीवर अजय. सुट्टीवर असला की देवळातल्या सप्ताहात पेटीची साथ त्याचीच. पूर्वरंग संपवून बुवा पाणी प्यायला थांबतात, हार घालून घेतात, तो मधला वेळ पेटीवाल्याचा. त्या वेळात रुक्मिणी बुवांकडे बघत नसे, मुलाकडे बघत असे. अजय गेल्यापासून तिच्या बोलण्यात एकच होतं, की हा मधला वेळ आहे. उत्तररंग व्हायचाय.

"एक करूया," शेवटी रुक्मिणीच म्हणाली. "कौल लावया. रवळनाथ सांगात ता तुका मान्य, माका मान्य."

शर्मिलेने चौदा वर्षं पोरांना गुरुत्वाकर्षण शिकवलं होतं. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या लावायच्या, उजवीकडची आधी पडली तर हो, डावीकडची पडली तर नाही. ओली पाकळी सुकली की पडते, यात विचारण्यासारखं काय, असं कधीकाळी तिने वर्गात म्हटलंही असतं. पण बुडत्या माणसाला दोरी कोणी टाकली हे विचारायची फुरसत नसते. ती म्हणाली, "चलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी देवळात गेल्या. तन्वीही आली, शाळेच्या कपड्यांत. सत्यवान गुरवाने पाकळ्या भिजवल्या, रवळनाथाच्या दोन्ही खांद्यांवर लावल्या आणि विचारलं, "काय विचारूचा, रुक्मिणीवयनी?"

"लॅपटॉप घेवचो काय, ता विचार."

सत्यवान घुटमळला. "लॅपटॉप म्हणजे काय, ता देवाक सांगूक व्हया काय?"

"देवाक सगळा ठावक आसा. तुका ठावक नसलाच तर तन्वी सांगात."

तन्वी हसली. सत्यवानाने हात जोडले आणि त्याचा आवाज एकदम दुसराच झाला, गाभाऱ्याच्या दगडाला लागून परत येणारा. "बा देवा म्हाराजा, रवळनाथा. आज ह्या घरची लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत. सून परमुलखात शिकवक जाता. तर तिच्यासाठी लॅपटॉप घेवचो काय, ह्या तुका विचारतत. व्हय तर उजवो दी, नाय तर डावो दी. जा काय आसात ता सांग, आणि तिच्या वाटेत काय काटोकुटो आसात तर दूर कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," रुक्मिणी आणि तन्वी म्हणाल्या. शर्मिलेच्या तोंडूनही ते आलं, तिला न विचारता.

समईची वात तडतडली. बाहेर कोणीतरी सायकल लावली. मग उजव्या खांद्यावरची पाकळी अलगद सुटली आणि देवाच्या पायाशी पडली.

रुक्मिणीने कपाळ उंबऱ्याला टेकलं. उठली तेव्हा तिचा चेहरा दोन वर्षांत दिसला नव्हता इतका मोकळा होता. शर्मिलेच्या छातीवरचा दगडच हलला. वाटेत दोघी बोलल्या नाहीत, गरज नव्हती. रुक्मिणीने वाटेवरच्या कोळणीकडून बांगडे घेतले. घरी आल्यावर शर्मिलेने कपड्यांची बॅग पुन्हा सोडली आणि स्वेटर काढून बाजूला ठेवला. मालदीवला स्वेटर कशाला. तेवढ्या जागेत काळी पिशवी बसणार होती. रुक्मिणी चुलीपाशी बांगडे तळता तळता गुणगुणत होती.

जेवणं झाली. तिन्हीसांजेला शर्मिलेने स्टूल घेतलं आणि फळीखाली ठेवलं.

"काय करतंस?" रुक्मिणी दारातून म्हणाली.

"पिशवी काढतंय. चार्ज करून बघूक व्हयो."

"खंयची पिशवी?"

"ह्यांची. देवान सांगितल्यान नाय सकाळी?"

रुक्मिणीने हातातलं निरांजन खाली ठेवलं. "देवान सांगितल्यान घेवचो. घेवचो म्हणजे घेवचो, दुकानातसून. नवो. ह्यो न्हेवचो म्हणान खंय विचारलंय मी?"

शर्मिला स्टुलावर तशीच उभी राहिली. घेवचो. आपल्या भाषेत घेणं म्हणजे बरोबर घेणं आणि घेणं म्हणजे विकत घेणं. दोघींनी एकच शब्द देवापुढे ठेवला होता, आणि दोघी आपापल्या मनातला शब्द घेऊन घरी आल्या होत्या. एक संबंध दुपार दोघी सुखी होत्या, वेगवेगळ्या गोष्टीसाठी. तिला हसू आलं असतं. ते वर येता येता दुसरंच काहीतरी होऊन बाहेर पडलं.

"आई, नवो कशान घेव? सांगा. काय विकू? म्हस विकू? तीन दिवस रवले. थंय जावक गावला नाय तर तन्वीची शाळा, तुमचा औषध, घरपट्टी... मी दुसऱ्यांच्या घरी भांडी घासूक जाव? आणि ती पिशवी थंय फळयेर बसतली, उदबत्ती घेत."

"हळू बोल. पोर ऐकता."

"ऐकांदे. तिका पण कळांदे. आई, ते येवचे नाय."

हे वाक्य दोन वर्षं घरात सगळ्यांच्या पायाखाली होतं आणि सगळे ते ओलांडून चालत होते. आता ते मधोमध पडलं. तन्वी पडवीत वही घेऊन बसली होती, तिची पेन्सिल थांबल्याचं दोघींना ऐकू आलं.

रुक्मिणीने निरांजन उचललं, तुळशीपाशी गेली, लावलं, आणि तिथेच पाठ करून उभी राहिली. शर्मिला स्टुलावरून उतरली. पिशवीला तिने हात लावला नाही. त्या रात्री म्हशीला दोघींनी एकमेकींना न सांगता एकामागून एक पाणी दाखवलं.

सकाळी रुक्मिणी पदर खोचून तयार होती. "चल. परत विचारूया. ह्या टायमाक नीट विचारूया."

सत्यवान गुरव मात्र ऐकेना. "एकच गोष्ट देवाक दोन वेळा विचारूची नसता, वयनी. ह्या काय देवगडचा कोर्ट न्हय, तारीख पे तारीख घेवक. देवान सांगितल्यान ता सांगितल्यान. समाजला नाय तो दोष तुमचो. दुसरा काय विचारूचा आसा तर विचारा, पाकळी लावतंय."

"दुसरा काय?" रुक्मिणी म्हणाली.

सत्यवान हळू आवाजात म्हणाला, "दोन वर्षां तुमी हंय येतास. म्हस व्यालात काय, विचारलास. काजीक कीड कित्याक लागली, विचारलास. ह्या पोराक ताप इलो, तो पण विचारलास. एक गोष्ट विचारूक नाय. मी वाट बघतंय, आज विचारतील, उद्या विचारतील."

त्याने उत्तराची वाट न बघता दोन पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि देवाच्या खांद्यांवर लावल्या. मग हात जोडून रुक्मिणीकडे बघत राहिला. पाकळ्यांवरून पाणी ओघळत होतं. आता ती म्हणेल, अजय येतलो काय, आणि हा ते देवाला सांगेल, आणि मग एक पाकळी पडेल. यापुढे टाळता येण्यासारखं काही नव्हतं.

शर्मिलेने सासूचा हात धरला. विज्ञान शिकवणारी ती, पण त्या क्षणी तिची नजर डाव्या खांद्यावरच्या पाकळीवरून हलेना. तिथे धरून राहा, तिथेच धरून राहा, एवढंच तिच्या मनात चाललं होतं. काल पिशवीसाठी जी बाई 'ते येवचे नाय' म्हणाली ती हीच का, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

"सत्यवाना," रुक्मिणी म्हणाली. "काढ."

"काय काढू?"

"पाकळी काढ. मी काय विचारूक नाय. काढ ती आधी, पडात नायतर."

सत्यवानाने दोन्ही पाकळ्या दोन हातांनी एकाच वेळी उचलल्या. कोणती आधी उचलली असं देवालाही म्हणता येऊ नये, इतक्या एकाच वेळी.

घरी आल्यावर रुक्मिणीने पाय धुतले आणि सरळ फळीपाशी गेली. स्टूल न घेता चवड्यांवर उभी राहून तिने पिशवी खाली काढली आणि शर्मिलेच्या मांडीवर ठेवली.

"न्हे," ती म्हणाली. "विचारूचो धीर नाय झालो माका. ज्याका विचारूचो धीर नाय, त्यान अडवून तरी कित्याक धरूचा? न्हे तू."

शर्मिलेने चेन ओढली. ती अर्ध्यावर अडकली. तिच्या दात्यांवर हिरवट बुरा आला होता. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. दोन वर्षं खारा वारा त्या पिशवीत शिरत होता, आणि आत शिरलेला बाहेर पडला नव्हता. लॅपटॉप काढला तर तो खाली टेकेना, मधून डुगडुगायला लागला. तिने उलटा केला. पोट फुगलं होतं. आतली बॅटरी इतकी सुजली होती की झाकण एका कडेने उचकटलं होतं. तरीही वेड्या आशेने तिने चार्जर लावला. दिवा लागला नाही. बटण दाबलं, धरून ठेवलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"चार्ज होतलो मगे लागात," रुक्मिणी म्हणाली.

"नाय आई."

"थोडो वेळ ठेव तसोच."

"नाय. ह्यो मेलो." तिने जीभ चावली. पण शब्द गेला होता.

"दोन वर्षां मी पुसलंय," रुक्मिणी म्हणाली. "रोज."

"भायरसून," शर्मिला म्हणाली. तिला ते म्हणायचं नव्हतं.

मग शर्मिला खळ्यात येऊन बसली. पाय लांब करून, पोरीसारखी. परवा विमान. हातात पत्र, तिकीट, पासपोर्ट, आणि मांडीवर एक सुजलेली काळी पाटी, जी विमानात नेऊ देणार नाहीतच आणि नेली तरी शाळेत दाखवता येणार नाही. दोन दिवस दोघी जिच्यासाठी भांडल्या, ती नेण्यासारखी राहिलीच नव्हती. ती कधीपासून मेलेली होती कोण जाणे. कदाचित पहिल्याच पावसाळ्यात. तिला सारिकेला फोन करून सांगायचं होतं, मी येत नाही. नंबर काढला. अंगठा नावावर ठेवला. दाबवेना. तन्वी येऊन पाठीला टेकून बसली.

आत काहीतरी ओढल्याचा आवाज झाला. रुक्मिणी बाहेर आली ती बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन. तिने तो शर्मिलेसमोर ठेवला. डब्याला देवाच्या लाल दोऱ्याने सात वेढे दिले होते.

शर्मिलेला तो डबा माहीत होता. सगळ्या वाडीला माहीत होता. अजय आला की रवळनाथाच्या देवळात कीर्तन, मोठे बुवा, तबला, पेटी, सगळ्या गावाला प्रसाद, असा रुक्मिणीचा नवस होता. काजूच्या बियांचे, दुधाचे, कोणी ओटीत घातलेले, असे दोन वर्षं ती त्यात टाकत आली होती.

"सोड दोरो," रुक्मिणी म्हणाली.

"आई, ह्या नवसाचा."

"माका ठावक नाय काय? सोड. मोजूक जाव नको हंय. दुकानात मोज." ती चौथऱ्यावर बसली. "देवान उजवो दिल्यान होतो. घेवचो म्हणान सांगितल्यान. फळयेर काय मरान पडलाहा, ता त्याका ठावक होता. आमका ऐकाक इला नाय."

"पण कीर्तन?"

"तू थंय काय करतलंस? पोरांसमोर उभी रवान सांगतलंस. एका तऱ्हेन कळला नाय तर दुसऱ्या तऱ्हेन समजावतलंस, नाय समाजला तर उदाहरण देतलंस. मगे कीर्तन म्हणजे आणखी काय असता गो? टाळ नाय, इतक्याच." तिने पदराने नाक पुसलं. "बुवा पाणी पिवक थांबले म्हणान पेटी थांबवची नसता. अजय थांबवी नसा. लोका उठान जातत मगे. म्हणान ह्या आधी होवचा."

अजय येण्याआधीच नवस फेडतेय, की तो येणार नाही म्हणून मोडतेय, हे शर्मिलेला विचारायचं होतं. तिने सासूच्या तोंडाकडे बघितलं. तिथे लिहिलेलं काही वाचता येत नव्हतं. सकाळी सत्यवानाने दोन्ही पाकळ्या उचलल्या होत्या. तिनेही हा प्रश्न तसाच उचलून ठेवला आणि दोऱ्याची गाठ नखाने सोडवायला लागली. ती पक्की होती. शेवटी तन्वीने दातांनी सोडवली.

विमान गोव्यातल्या मोपा विमानतळावरून होतं. निघायच्या दिवशी गाडीवाल्याला लवकर बोलावलं. नांदगावच्या तिठ्यावरून कणकवलीला आत शिरून दुकानापाशी थांबायचं, तिथून महामार्गाने इन्सुलीचा नाका ओलांडून गोव्यात. रुक्मिणी आणि तन्वी सोबत निघाल्या, तन्वीच्या मांडीवर डबा, रुक्मिणीच्या मांडीवर अजयची काळी पिशवी. पिशवी कशाला, असं कोणी विचारलं नाही.

दुकानातला सिद्धेश चपळ होता. नवीन लॅपटॉप त्याने खोक्यातून काढला, सुरू केला, तन्वीला नाव घालायला सांगितलं. तन्वीने एकेक अक्षर शोधत आईचं पूर्ण नाव घातलं, बापाच्या नावासकट. तोवर त्याचं लक्ष रुक्मिणीच्या मांडीकडे गेलं.

"काकी, जुनो बदल्यात देतास? बघूया. नवऱ्यातले थोडे कमी करतंय."

"नव्यातले म्हण मेल्या," रुक्मिणी म्हणाली.

सिद्धेश ओशाळून हसला. "तोंडातसून गेला."

"ह्यो बदल्यात नाय."

त्याने तो हातात घेऊन उलटा केला आणि त्याचं हसू गेलं. "काकी, ह्यो घरात असो ठेवलास? आग लागली असती कधीतरी. चालवक जमाचा नाय. पण बॅटरी तरी काढून देतंय, मगे खुशाल ठेवा."

"काढ," रुक्मिणी म्हणाली.

त्याने आठ-दहा स्क्रू काढले, त्यातले दोन गंजून तुटले. सुजलेली बॅटरी दोन बोटांनी उचलून त्याने वाळू भरलेल्या डब्यात टाकली. झाकण लावलं, लॅपटॉप पिशवीत घातला आणि परत दिला.

रुक्मिणीने पिशवी दोन्ही हातांत धरून वर-खाली केली, अजयने तोलली होती तशी.

"हलको झालो गो," ती म्हणाली.

शर्मिलेने नवीन लॅपटॉपची पिशवी खांद्याला लावली. पट्टा रुतला. बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला, आणि तन्वीने रिकामा पत्र्याचा डबा काखेत मारून आजीचा हात धरला.